मातीच्या धरणाला राखणदार हवा

स्मरणिकेसाठी लेख द्यावा, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा विषयाचे बंधन घातलेले नव्हते. संस्थेची वाटचाल, गुरुजनांविषयीची कृतज्ञता, वसतिगृहातील दिवस यांवर अधिकाराने लिहिणारे स्त्री-पुरुष आपल्यात पुष्कळ आहेत. मी स्थापत्य शाखेचा माणूस. माझ्या वाट्याला माती, मुरूम आणि पाणी आले. म्हणून आपल्या परिसरातील लहान, जुन्या, मातीच्या धरणांविषयी माझे मत येथे मांडत आहे. विषय रुक्ष वाटेल. परंतु या स्मरणिकेचे वाचक असलेले माजी विद्यार्थी, पालक व समाजबांधव मोठ्या संख्येने कल्याण पूर्व, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात राहतात. त्यांच्यापैकी अनेकांच्या घराच्या वरच्या अंगाला कुठेतरी एखादा जुना बांध पाणी अडवून उभा आहे आणि बहुतेकांना त्याची कल्पना नाही.

धरण म्हटले की आपल्यासमोर भातसा, बारवी, तानसा ही नावे येतात. ही मोठी धरणे आहेत, त्यांना अभियंते आहेत, पहारेकरी आहेत, त्यांच्या पातळीचे आकडे पावसाळ्यात रोज वर्तमानपत्रांत छापून येतात. मला त्यांच्याविषयी बोलायचे नाही. मला काळजी वाटते ती गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, पाऊणशे-शंभर एकर भातशेतीसाठी किंवा एखाद्या कारखान्यासाठी, रेल्वेसाठी कधीकाळी बांधलेल्या लहान बांधांची. अशा बांधाचा मूळ उद्देश संपला की त्याची राखणही संपते. पाणी मात्र दरवर्षी जुलैमध्ये नेमाने येऊन उभे राहते. माझ्या मते या पट्ट्यातील खरा धोका हा आहे. धरणाचे वय किंवा त्याची माती यांचा विचार त्यानंतर येतो.

अंबरनाथजवळची दोन उदाहरणे पाहू. काकोळे गावचे तळे आजही 'जीआयपी टँक' या नावाने ओळखले जाते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे या कंपनीचे नाव १९५१ मध्ये मध्य रेल्वे झाल्यावर कागदावरून गेले. लोकांच्या जिभेवर मात्र टिकले. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले आणि तेथून ते दोन घाटांच्या दिशांना फुटले. वाफेच्या इंजिनाला कोळशाइतकेच पाणी लागते, आणि घाट चढणाऱ्या इंजिनाला तर अधिकच. वालधुनी नदीच्या उगमाकडील या तळ्याचे पाणी अशा कामासाठी रेल्वेला हवे होते. पुढे विजेची इंजिने आली आणि तो उद्देश संपला. तरीही तळे रेल्वेकडेच राहिले आणि आज त्या पाण्यावर 'रेल नीर'च्या बाटल्या भरल्या जातात. म्हणजे येथे उद्देश बदलला, पण मालक आणि गरज दोन्ही टिकली. एखाद्याला त्या तळ्याविषयी तक्रार करायची असेल, तर कोणाचे दार ठोठवायचे हे निदान ठाऊक आहे.

चिखलोलीची कथा निराळी. हे मातीचे धरण लघु पाटबंधाऱ्याच्या हिशेबाने बांधले गेले. अशा धरणाचा हिशेब लाभक्षेत्रावर, म्हणजे खाली भिजणाऱ्या शेतांवर मांडलेला असतो. आज खाली शेते किती उरली, हे अंबरनाथ ते बदलापूर लोकलच्या खिडकीतून कोणीही पाहू शकतो. या दोन स्थानकांच्या मध्ये आता चिखलोली नावाचे नवे रेल्वे स्थानक येत आहे. भाताच्या खाचरांसाठी कोणी रेल्वे स्थानक मंजूर करत नाही. धरणाचे पाणी आता शहराच्या पिण्यासाठी वापरले जाते, शेजारच्या औद्योगिक वसाहतीच्या सांडपाण्यामुळे ते दूषित होण्याच्या तक्रारी होत राहिल्या आहेत, आणि साठा वाढवण्यासाठी धरणाची उंची वाढवण्याचे कामही हाती घेतले गेले. शहराला स्वतःचे हक्काचे पाणी असावे, या मताचा मी आहे. मे महिन्यात टँकरची वाट पाहणाऱ्या वस्त्यांना त्याचे मोल सांगावे लागत नाही. परंतु भातशेतीच्या वर बांधलेला बांध आता इमारतींच्या वर उभा आहे. बांध तोच असला तरी तो फुटल्यास होणारे नुकसान तेच राहिलेले नाही. पूर्वी एका हंगामाचे पीक गेले असते. आता काय जाईल, याचा हिशेब नव्याने मांडून तो लोकांसमोर ठेवला पाहिजे.

ही दोन्ही धरणे आज धोकादायक आहेत असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यासाठी तपासणी अहवाल हाती असावा लागतो. तो सामान्य नागरिकाच्या हाती सहज का नसावा, एवढाच माझा प्रश्न आहे.

तिसरा प्रकार अधिक दुर्लक्षित. ज्यांचा उद्देशही गेला आणि मालकही कोण हे सांगता येत नाही, अशी तळी व बांध. ठाणे शहराला एकेकाळी पाणी देणाऱ्या पोखरण तलावाचे नाव आता दोन रस्त्यांना उरले आहे. कल्याणच्या शेणाळे तलावाभोवती बाग झाली, लोक संध्याकाळी फिरायला जातात. तो निदान नजरेसमोर तरी आहे. पण शीळ रस्त्याच्या आतल्या गावांत, मलंगगडाच्या पायथ्याशी, मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यांवर जे लहान बांध आहेत त्यांचे काय? कोणी म्हणतो ग्रामपंचायतीचा, कोणी म्हणतो जिल्हा परिषदेचा, कोणी म्हणतो जलसंधारणाचा. गाव महापालिकेत गेले की ग्रामपंचायतीचे दप्तर महापालिकेकडे जाते. दप्तराबरोबर बांधाची जबाबदारीही गेली का, हे विचारायला कोणी जात नाही.

या दुर्लक्षाची किंमत काय असते ते कोकणाने २०१९ मध्ये पाहिले. चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण २ जुलैच्या रात्री फुटले. ते काही ब्रिटिशकालीन नव्हते, जेमतेम वीस वर्षांचे होते. साठा अवघा दोन-अडीच दशलक्ष घनमीटर; भातसाच्या तुलनेत तो मोजण्यातही येणार नाही. तेवढ्या पाण्याने खालची भेंदवाडी रातोरात धुऊन नेली आणि वीसहून अधिक माणसे गेली. धरणाला गळती आहे, हे ग्रामस्थ आधीपासून सांगत होते. दुर्घटनेनंतर त्या वेळच्या जलसंधारणमंत्र्यांनी खेकड्यांकडे बोट दाखवले आणि राज्यभर त्याची थट्टा झाली. मला मात्र त्या थट्टेने समाधान झाले नाही. खेकडा, उंदीर, घोरपड, वाळवी हे सारे मातीच्या भरावात बिळे करतातच. हे धरण बांधणाऱ्या प्रत्येक पिढीला ठाऊक आहे. म्हणून तर भरावावर फिरून बिळे बुजवणारा माणूस नेमलेला असतो. त्या मंत्र्यांना विचारायला हवे होते ते हे, की बिळे पाहायला माणूस होता का आणि त्याचे म्हणणे कोणी ऐकले का.

येथे मातीचे धरण म्हणजे काय, हे थोडक्यात सांगणे मला आवश्यक वाटते. कारण वरून पाहणाऱ्याला तो केवळ मातीचा ढीग वाटतो. वास्तविक त्याच्या मध्यभागी चिकणमातीचा घट्ट कुटलेला गाभा असतो, तो पाणी अडवतो. गाभ्याच्या दोन्ही अंगांना मुरमाचे आवरण असते, ते गाभ्याला आधार देते. पाण्याच्या बाजूने दगडांचे अस्तर असते, लाटांनी माती धुपू नये म्हणून. तळाखाली खडकापर्यंत खणून भरलेला खंदक असतो, पाणी पायाखालून निसटू नये म्हणून. पाणी सोडण्यासाठी भरावातून जाणारी नळी आणि तिची झडप असते, तिला विमोचक म्हणतात. आणि एका अंगाला सांडवा असतो. धरण भरले की जादा पाणी तेथून निघून जावे, ही त्याची योजना.

मातीच्या धरणाचे मरण बहुधा दोन वाटांनी येते. पहिली वाट माथ्यावरून. सांडवा अपुरा पडला, किंवा तो झुडपांनी, राडारोड्याने, बांधकामाने चोंदला, की पाणी भरावाच्या माथ्यावरून वाहू लागते. दगडी धरण असे वाहणे काही काळ सोसते. मातीचे धरण सोसत नाही. काही तासांत भराव कापला जातो. ११ ऑगस्ट १९७९ रोजी गुजरातमधील मोरबीच्या वरचे मच्छू धरण असेच पाणी माथ्यावरून जाऊन फुटले आणि हजारो माणसे मेली. दुसरी वाट पोटातून. पाझराचे पाणी आपल्याबरोबर मातीचे कण वाहून नेऊ लागले की आत पोकळी तयार होते, ती मागे-मागे सरकत पाण्यापर्यंत जाते. विमोचकाची जुनी नळी तडकली असेल, बिळे असतील, भरावावर वाढलेल्या झाडाची मुळे कुजून पोकळ झाली असतील, तर हे काम लवकर होते. पानशेतचे धरण १२ जुलै १९६१ रोजी फुटले, तेव्हाही पाणी सोडण्याच्या नळाचे व झडपांचे काम अपुरे असताना धरणात पाणी साठले होते आणि त्या नळावरचा भराव खचत गेला. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. पुणे शहराला त्यामुळे काही तास मिळाले आणि असंख्य जीव वाचले. लहान धरणाच्या वाट्याला जवान आणि पोती येत नाहीत. रात्री तेथे कोणीच नसते.

पालकांनी आणि विशेषतः तरुणांनी एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवावी. धरणाच्या पायथ्याशी थोडा पाझर असणे ही घाबरण्याची बाब नाही. प्रत्येक मातीचे धरण थोडे पाझरते. पाझराचे पाणी स्वच्छ आहे आणि त्याचे प्रमाण वर्षानुवर्षे तेवढेच आहे, तर ते दुखणे नव्हे. पाणी गढूळ येऊ लागले, एकाएकी वाढले, नव्या जागी फुटले, किंवा पायथ्याशी वाळू उकळल्यासारखी वर येऊ लागली, तर त्या क्षणी कळवले पाहिजे. भरावाच्या माथ्यावर लांबीच्या दिशेने भेग दिसली, उतारावर कुठे फुगवटा वा खोलगट जागा झाली, तीही सांगण्याजोगी गोष्ट आहे. गुरे राखणाऱ्या मुलालाही हे दिसते. त्यासाठी पदवी लागत नाही. परंतु दिसलेले कोणाला सांगायचे, हे मात्र त्या मुलाला माहीत असले पाहिजे. लहान धरणावर जा आणि पाहा: संपर्काचा फलक आहे का? असला तर त्यावर 'पोहण्यास मनाई' एवढेच लिहिलेले असते.

येथे कायद्याची बाजूही पाहू. संसदेने केलेला धरण सुरक्षा अधिनियम ३० डिसेंबर २०२१ पासून लागू झाला. मी त्याचे स्वागत करतो. पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर तपासणी, मालकाचे स्वतःचे सुरक्षा पथक, आपत्कालीन कृती आराखडा, स्वतंत्र तज्ज्ञांकडून सर्वंकष मूल्यमापन, हे सारे त्यात बंधनकारक आहे, आणि जुन्या धरणांसाठी आराखड्याची व पहिल्या मूल्यमापनाची मुदत पाच वर्षांची ठेवलेली आहे. महाराष्ट्रात तर नाशिकची धरण सुरक्षितता संघटना याआधीपासून काम करते. परंतु कायदा कोणत्या धरणाला लागू होतो, हे पाहा. १५ मीटरपेक्षा उंच धरणांना तो सरसकट लागू आहे. १० ते १५ मीटर उंचीच्या धरणांपैकी ज्यांची माथ्याची लांबी किमान ५०० मीटर आहे, किंवा साठा किमान १० लाख घनमीटर आहे, किंवा पुराचा विसर्ग फार मोठा आहे, किंवा पाया वा रचना विशेष अवघड आहे, अशांनाच तो लागू आहे. १० मीटरच्या आतला बांध कायद्याच्या नजरेला धरण म्हणून दिसतच नाही.

अवघ्या देशाचा विचार करणाऱ्या कायद्याला कुठेतरी रेघ ओढावी लागते, हे मी समजू शकतो. महाराष्ट्रातच मोठ्या धरणांची संख्या दोन हजारांहून अधिक आहे. त्यात प्रत्येक पाझर तलाव जोडला तर तपासायला माणसे पुरणार नाहीत. पण ती रेघ उंचीवर ओढलेली आहे, खाली राहणाऱ्या माणसांवर नाही. नऊ मीटरचा बांध माळरानावर असेल तर फुटल्यावर ओढ्याला पूर येईल आणि ओसरेल. तोच बांध दाट वस्तीच्या वर असेल तर? ठाणे जिल्ह्याइतक्या झपाट्याने शेताची वस्ती झालेला जिल्हा राज्यात क्वचितच असेल. निदान येथे तरी राज्य शासनाने स्वतःच्या अधिकारात, उंची न पाहता, खाली वस्ती असलेल्या प्रत्येक बांधाची यादी करावी. ही मागणी मला अवास्तव वाटत नाही.

आणि ही वस्ती कोणाची, याचाही विचार व्हावा. सांडव्याच्या नाल्याकाठची, ओढ्याच्या वळणावरची जमीन नेहमीच स्वस्त असते. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, विदर्भातून, खानदेशातून पोटासाठी आलेल्या आपल्या आई-वडिलांना कल्याण-अंबरनाथच्या पट्ट्यात जागा मिळाली ती बहुधा अशाच ठिकाणी. वालधुनीकाठच्या अशोकनगरात पावसाळ्यात पाणी कसे शिरते, हे येथील अनेक कुटुंबांना सांगावे लागत नाही. २६ जुलै २००५ अनुभवलेली पिढी अजून आपल्यात आहे. २७ जुलै २०१९ रोजी वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस उल्हास नदीच्या पाण्यात अडकली, हजारावर प्रवाशांना बाहेर काढावे लागले. तिवरे फुटून तेव्हा महिनाही झाला नव्हता. अशा रात्री वस्तीत पहिली अफवा उठते ती 'वरचे धरण फुटले' अशी. अफवा खोटी ठरते, पण ती खोटी आहे हे अधिकाराने सांगणारा माणूस कोणी नसतो, आणि ज्या दिवशी ती खरी असेल त्या दिवशीही नसेल.

मला आणखी एक भीती वाटते, ती स्पष्टच लिहितो. सुरक्षिततेचा विषय निघाला की यंत्रणेला सर्वांत सोपा उपाय सुचतो तो झोपड्या हटवण्याचा. सांडव्याच्या नाल्यावर भराव टाकून इमारत उभी करणाऱ्याला नोटीस जाते, आणि नाल्याकाठच्या पत्र्याच्या घरावर थेट यंत्र चालते. पर्यायी घर दिल्याशिवाय, आणि तेही मुलांची शाळा व माणसांचे काम सुटणार नाही इतक्या अंतरावर दिल्याशिवाय, कोणालाही हलवू नये. नाला मोकळा करायचा तर आधी तो अडवणाऱ्या सर्वांत मोठ्या बांधकामापासून सुरुवात व्हावी. धरण सुरक्षित करण्याच्या नावाखाली गरीब माणूसच असुरक्षित होणार असेल, तर असल्या सुरक्षिततेला माझा विरोध राहील.

काही मित्र म्हणतात, उद्देश संपला तर तोडून टाका हे बांध, कटकट मिटेल. काही उलट म्हणतात, इतकी वर्षे टिकले ते पुढेही टिकतील. पहिल्या मतात तथ्य आहे. ज्या बांधाचा कोणालाच उपयोग नाही त्याचा सांडवा शास्त्रोक्त रीतीने खाली घेऊन साठा कमी करणे, प्रसंगी बांध उघडा करणे, हा लाजिरवाणा उपाय नव्हे. जगभर तो केला जातो. परंतु घाई नको. लहान तळ्यामुळे भोवतालच्या विहिरींना पाणी टिकते, गुरांना मिळते, आणि शहर वाढत असताना गावचे हक्काचे पाणी हातचे सोडू नये. मात्र एक गैरसमज दूर करायला हवा: असे तळे आपल्याला पुरापासून वाचवते, हा. कोकणचा पाऊस जुलैच्या मध्यापर्यंत लहान तळे काठोकाठ भरतो. भरलेले तळे २६ जुलैसारख्या पावसाचे पाणी थोपवू शकत नाही, आलेले सारे सांडव्यावरून पुढे जाते. दुसरे मत मात्र मला मुळीच मान्य नाही. मातीचे धरण आपले आपण टिकत नाही. ते टिकवावे लागते.

याचे सर्वांत जुने लेखी उदाहरण आपल्या वाचकांना जवळचे वाटेल. जुनागढला गिरनारच्या पायथ्याशी ज्या शिळेवर सम्राट अशोकांच्या धम्मलिपी कोरलेल्या आहेत, त्याच शिळेवर एका मातीच्या बांधाचा इतिहासही कोरलेला आहे. सुदर्शन तलाव हा चंद्रगुप्त मौर्यांच्या काळी त्यांचा प्रांताधिकारी पुष्यगुप्त याने बांधवला. अशोकांच्या काळी तुषास्फ या यवन अधिकाऱ्याने त्याला पाणी नेण्याच्या प्रणाळी जोडल्या. पुढे शक वर्ष ७२ मध्ये, म्हणजे इ.स. १५० च्या सुमारास, मार्गशीर्षात प्रचंड वादळी पाऊस झाला आणि बांधाला ४२० हात लांब व ७५ हात खोल भगदाड पडले. राजा रुद्रदामनच्या सल्लागारांनी आणि कार्यसचिवांनी हे काम होणे नाही म्हणून हात टेकले, प्रजा हवालदिल झाली. तेव्हा सुविशाख नावाच्या अमात्याने तो बांध पूर्वीपेक्षा अधिक मजबूत बांधून काढला, आणि त्यासाठी प्रजेवर नवा कर किंवा वेठबिगार लादली नाही, खर्च राजाच्या खजिन्यातून झाला, असे तो लेख आवर्जून सांगतो. तीन शतकांनी स्कंदगुप्ताच्या काळात बांध पुन्हा फुटला, चक्रपालिताने पुन्हा बांधला, आणि तीही नोंद त्याच शिळेवर झाली.

सुमारे साडेसातशे वर्षे एक मातीचा बांध कामात राहिला. तो दोनदा फुटल्याची नोंद आहे, आणि दोन्ही वेळा तो बांधणाऱ्या अधिकाऱ्याचे नावही दगडावर आहे. कोणी बांधला, कोणी प्रणाळी काढल्या, कोणी दुरुस्त केला, खर्च कोठून झाला: आपल्या कुठल्याही लहान धरणावर यातील एकाही प्रश्नाचे उत्तर लिहिलेले आढळत नाही. जवळचे उदाहरण हवे असेल तर कान्हेरी पाहावी. डोंगरभर कोरलेल्या पाण्याच्या पोढींवर दात्यांची नावे आहेत, त्यांत कल्याणचे रहिवासी आहेत. तेथील लेखांत 'अक्षयनीवी'चा, म्हणजे मुद्दलाला हात न लावता चालणाऱ्या कायम ठेवीचा उल्लेखही येतो. दान देताना पुढच्या खर्चाची सोय करून ठेवायची, ही समज दोन हजार वर्षांपूर्वीच्या या परिसरातील व्यापाऱ्यांना होती. आज धरण बांधण्याला निधी मिळतो, उद्‌घाटन होते. गवत काढायला, बिळे बुजवायला, झडपेला वंगण घालायला पैसा नसतो, कारण त्याचे उद्‌घाटन करता येत नाही.

बाबासाहेबांचे पाण्याविषयीचे काम आपण चवदार तळ्यापाशी थांबवतो. तो संगर थोरच होता. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना पाटबंधारे व वीज हे विषयही त्यांच्याकडे होते, दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी त्या काळातली, आणि ८ नोव्हेंबर १९४५ रोजी कटक येथे ओरिसाच्या नद्यांविषयी भरलेल्या परिषदेचे अध्यक्षही तेच होते. एका धरणाचे एकाहून अधिक उद्देश असावेत, पूर, सिंचन, वीज, वाहतूक यांचा एकत्र विचार व्हावा, असा त्यांचा आग्रह होता. त्या विचाराचा एक भाग आपण अजून उचललेला नाही. उद्देश ठरवणे ही बांधतानाची एकदाच करायची गोष्ट नाही. परिस्थिती बदलली की उद्देश पुन्हा ठरवावा लागतो, आणि त्याप्रमाणे माणूस, पैसा व जबाबदारीही पुन्हा नेमावी लागते.

मला हवे आहे ते फार नाही. प्रत्येक लहान धरणावर ठळक मराठीत फलक असावा: मालक कोण, जबाबदार अधिकाऱ्याचे पद कोणते, दूरध्वनी क्रमांक कोणता, शेवटची तपासणी कधी झाली. पावसाळ्याच्या चार महिन्यांत तेथे रात्रंदिवस एक माणूस असावा, त्याला निवारा, विजेरी व संपर्काचे साधन द्यावे. सांडव्यापासून नदीपर्यंतचा नाला पालिकेच्या विकास आराखड्यात स्वतंत्र दाखवावा. वर्षातून एकदा, मे महिन्यात, खालच्या वस्तीतील लोकांना धोक्याची सूचना कशी मिळेल आणि उंचावर कुठे जायचे, हे प्रत्यक्ष चालून दाखवावे. शाळांनी यात पुढाकार घेतला तर मुलांकडून ते घरोघर पोहोचते; आपल्यासारख्या निवासी संस्थेला तर ते सहज शक्य आहे. स्थापत्य पदविका-पदवी घेतलेले आपले माजी विद्यार्थी आज अनेक खात्यांत आणि कंपन्यांत आहेत. त्यांनी वर्षातून एक रविवार एखाद्या बांधावर फिरून, पाहिलेले लिहून, संबंधित कार्यालयाला दिले तरी पुष्कळ काम होईल.

आणि कोणाची वाट न पाहता करता येण्याजोगे एक काम आहे. माहितीच्या अधिकाराखाली, आपल्या वरच्या धरणाचा पावसाळ्यापूर्वीचा आणि पावसाळ्यानंतरचा शेवटचा तपासणी अहवाल, त्यात सुचवलेल्या दुरुस्त्या आणि त्यांपैकी झालेल्या दुरुस्त्या यांच्या प्रती मागाव्यात. मालक कोण हे ठाऊक नसेल तर तोच प्रश्न पहिला विचारावा. चुकीच्या कार्यालयात गेलेला अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. अर्जाला दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो, दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला तोही लागत नाही. उत्तराची मुदत तीस दिवसांची असते. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात अर्ज दिला, तर मुदतीत आलेले उत्तर पहिल्या पावसाच्या आधी वस्तीत वाचून दाखवता येते.